राहेलमावशीचा तास

रविवारी पहिली घंटा झाली की मी गोधडी भिजत घालायचे आणि दुसऱ्या घंटेला ती दगडावर बडवायला घ्यायचे. आमच्या ख्रिस्ती वस्तीत उपासनेच्या वेळी कुणी रुमालसुद्धा धूत नसे. माझं घर गल्लीच्या अगदी टोकाला, आणि चर्चची मागची खिडकी माझ्या धुण्याच्या दगडाकडेच उघडायची. बडवण्याचा आवाज आत कुठवर जातो हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण लग्न होऊन आल्यापासून मी त्याच खिडकीशी बसत आले होते. देवाशी माझं बोलणं बंद होतं, पण मी घरीच आहे एवढं त्याला कळावं अशी माझी इच्छा होती.

नाताळ तोंडावर आलेला. त्या रविवारी उपासना सुटली आणि मकासरे पाळकसाहेब अंगातला झगा काढून हातावर टाकत थेट माझ्या दगडापाशी आले. आता उपदेश येणार, म्हणून मी गोधडी जरा जास्तच जोरात आपटली. त्यांच्या पँटवर पाणी उडालं. ते एक पाऊल मागे सरले आणि गोधडीकडे बघत म्हणाले, "चांगली निघतेय."

मी सांगून टाकलं की मी चर्चला येणार नाही. ते म्हणाले, मी बोलवायला आलेलोच नाही. मग तिथल्याच उलट्या बादलीवर बसले आणि राहेलमावशीचं सांगायला लागले. आज प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट मावशीपुढे आलं आणि तिने ते हात न लावता शेजारणीकडे सरकवलं. गेल्या महिन्यात तेच, त्याच्या आधल्या महिन्यातही तेच. आमच्यात कुणाशी वैर असलं तर माणूस ते मिटेपर्यंत प्रभुभोजन घेत नाही. पण मावशीचं वैर कुणाशी असणार? तिच्या कोंबड्या दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालायच्या, तरी ती कुणाशी भांडली नव्हती.

"ते एक असो," पाळकसाहेब म्हणाले, "पण आता तिने जेवणही टाकलंय. पंधरा दिवस नुसत्या चहावर आहे. डॉक्टर येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. करुणा म्हणते, सासूबाई नाताळ बघायच्या नाहीत."

करुणा म्हणजे मावशीची सून. मी म्हटलं, मग मी काय करू? तुम्ही जा, प्रार्थना करा, तुमचं कामच आहे ते.

"तुमचं नाव काढलं की ती रडते. दुसऱ्या कशालाच रडत नाही."

"साहेब, मी आता तुमच्यातली राहिले नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो," ते म्हणाले. "आमच्यातल्या सगळ्यांना पाठवून झालंय."

ते गेले आणि मी गोधडी पिळत उभी राहिले. मावशीचं नाव ऐकून मला दया आली नव्हती, राग आला होता. राहेलमावशी माझी नात्याने कुणी नव्हती. समोरच्या ओळीत राहणारी म्हातारी विधवा, लोकांच्या शेतात रोजाने जाणारी. पण मी नवी नवरी म्हणून या वस्तीत आले तेव्हा चूल कशी फुंकायची इथपासून नवऱ्याशी कुठं नमतं घ्यायचं इथपर्यंत सगळं मला तिनेच शिकवलं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, तरी तिने मला कधी 'बाई' म्हटलं नाही. ती मला 'पोरी' म्हणायची. मला मूल नव्हतं, आई नव्हती, आणि माझा नवरा शांतवन घराबाहेर खांबांवर चढलेला असायचा, कारण तो वीज मंडळात वायरमन होता. दिवसभर बोलायला मला मावशीच होती.

त्या वर्षी ईस्टर झाला आणि दोन आठवड्यांत शांतवन गेला. पोटात गाठ निघाली, नगरला नेलं, ऑपरेशनच्या टेबलावरच तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी आणलं. सगळी वस्ती आली, शाळेचे लोक आले, ज्यांचे दिवे त्याने रात्रीअपरात्री जोडून दिले होते ते शेतकरी आले. मावशी आली, पण मातीच्या वेळी मध्येच उठून निघून गेली आणि नंतर माझ्या घरी फिरकलीच नाही. मी गल्लीतून निघाले की ती ओट्यावरून उठून आत जायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मी देवाला सोडलं म्हणून तिने मला सोडलं. खरं सांगायचं तर शांतवन गेल्याचं दुःख होतंच, पण मावशीचं आत जाणं मला जास्त झोंबत होतं, कारण तिच्यावर निदान रागावता येत होतं.

दुपारी मी मुगाची खिचडी केली आणि पातेलं पदरात धरून समोर गेले. करुणाने दार उघडलं आणि मला बघून ती बाजूला झाली. जाते मी शेळ्यांकडे, असं पुटपुटत ती मागच्या दाराने निघूनही गेली.

मावशी बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, पण पायांत जोर नव्हता, आणि आत जायला दुसरी खोलीही नव्हती. हाताची हाडं दिसत होती. मी इतक्या महिन्यांचं भांडण घेऊन गेले होते, ते तिला बघून बाजूलाच राहिलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसले.

बराच वेळ ती शेळीचंच सांगत राहिली. शेळी व्यायली, दोन करडं झाली, एक अशक्त निघालं. मी हूं हूं करत होते. मग मी विचारलं की तू जेवत का नाहीस, आणि प्रभुभोजन का घेत नाहीस. ती पुन्हा करडांवरच आली. मी म्हटलं, माझ्यावर राग असेल तर मला सांग, पोटावर कशाला काढतेस?

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "पोरी, म्या तुझा नवरा मारला."

मला वाटलं, उपासाने डोकं फिरलं हिचं. पण तिचे डोळे शुद्धीवरच्या माणसाचे होते. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत होती.

शांतवनच्या ऑपरेशनच्या दिवशी वस्तीने साखळी प्रार्थना धरली होती. हे मला माहीत होतं. मी तेव्हा नगरला दवाखान्याच्या बाकावर होते, पण निघताना पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. साखळी म्हणजे दिवसभरात एक घटकाही प्रार्थनेवाचून जायची नाही. प्रत्येक घराने एक तास धरायचा. आपला तास भरला की उठून पुढच्या घराचं दार वाजवायचं आणि म्हणायचं, आता तुमची पाळी. मग ते घर गुडघ्यावर बसणार. मोठं आजारपण असलं की आमच्यात हे करतात, आणि त्या दिवशी पहाटे गल्लीच्या वरच्या तोंडापासून सुरू झालं होतं. मावशीचा तास दुपारी तीनचा. तिच्यानंतर लुकस तोरणे, मग खालची घरं.

"कांद्याला गेलते पहाटंच," मावशी म्हणाली. "रोज बुडवून येनार व्हते, पन मुकादम म्हनला अर्ध्या दिसाचं देतो, दुपारपर्यंत थांब. उन्हाची चालत आले. हातपाय धुतले, हितं बाजेपाशी गुडघं टेकलं. शांतवनचं नाव घ्यातलं. डोकं बाजेवर टेकलं, आन..."

ती थांबली. पदराचं टोक तिने पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"करुणा आली तवा दिवस कलला व्हता. म्या झोपले व्हते, पोरी. तुझा मानूस टेबलावर, आन म्या हितं घोरत पडले."

उठल्यावर तिला लाज वाटली म्हणून ती लुकसच्या दाराशी गेलीच नाही. लुकसने वाट पाहिली, आणि कुणी येत नाही म्हणजे नगरहून बरा निरोप आला असेल, असं समजून तो गुरांना पाणी दाखवायला गेला. साखळी तिथेच तुटली. दुसऱ्या दिवशी मातीच्या वेळी पाळकसाहेब सगळ्यांपुढे म्हणाले की प्रभूने आपल्या सेवकाला काल दुपारी साडेतीन वाजता आपल्याकडे बोलावलं. मावशीने ते ऐकलं आणि ती उठून घरी आली.

आता मी जे सांगणार आहे ते मला कुणी चांगलं म्हणावं म्हणून सांगत नाही. ऐकून मला आधी बरं वाटलं. इतके महिने मी आभाळाकडे बघून दात खात होते, आणि आता समोर एक माणूस होतं, हाडामांसाचं, माझ्या हाताच्या अंतरावर. होय, तुझ्यामुळेच, एवढं म्हटलं असतं तर माझं देवाशी वैर तिथल्या तिथे मिटलं असतं. मावशी तेवढ्यासाठीच बसलेली होती. मी म्हणेन आणि ती सुटेल, म्हणजे मरेल. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते.

पण तिच्या पायांकडे माझी नजर गेली. टाचांना भेगा होत्या, त्यांत काळी माती बसलेली. अशा पायांनी ती उन्हातून माझ्या नवऱ्यासाठी चालत आली होती, अर्ध्या दिवसाचा रोज सोडून. माझ्यातला राग कुठे गेला कोण जाणे, पण तो गेला.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी तिला समजावू लागले. म्हटलं, मावशी, प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याचे शिष्यसुद्धा झोपले होते की बागेत. तो घाम गाळून प्रार्थना करतोय आणि हे तिघं खुशाल झोपलेत. पेत्र झोपला, तर तुझी काय कथा?

"ठावं हाय," ती म्हणाली. "आन त्यानं काय इचारलं त्येबी ठावं हाय. एक तास जागं राहवलं न्हाई का, म्हनला. एकच तास मागितला व्हता त्यानं. माझ्याकडनंबी एकच."

आठ महिने ती त्या एका वाक्याखाली दबून बसली होती, आणि मी तेच उचलून पुन्हा तिच्या अंगावर टाकलं होतं. मी शोधू लागले की पुढे काय होतं. ती गोष्ट मी रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना किती वेळा सांगितली होती, पण इतक्या महिन्यांत मी पवित्र शास्त्र उघडलंच नव्हतं. आठवायला वेळ लागला.

"मावशी, पुढे काय म्हणाला तो? शेवटी?"

"काय?"

"उठा, म्हणाला. आपण जाऊ. आपण म्हणाला. त्यांना तिथं झोपलेलं टाकून नाही गेला. बरोबर घेऊन गेला."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तू सांग मग. म्या जागी असते तर शांतवन वाचला असता का न्हाई?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही, अजिबात नाही, डॉक्टरच म्हणाले होते, असं काहीतरी. पण ती म्हातारी खोट्यावर जगली नसती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही, मावशी. त्या दिवसापासून मी देवाशी बोललेलेच नाही. एक अक्षर नाही. जेवायच्या आधीसुद्धा नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं, चर्चला येत नाही, पण घरी करत असेल. मावशीच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती स्वतःसाठीची नव्हती. तिने हात पुढे केला आणि माझा दंड धरला.

"आठ म्हैने? आन झोप येती तुला?"

"नाही."

शांतवन गेल्यापासून मला धड झोप नव्हती. डोळा लागायचा आणि दचकून उठायचे. मी तिला म्हटलं की तुझा एक तास राहिलाय ना? तो आता पुरा कर. ती दचकली. म्हणाली, गेलेल्या माणसासाठी आपल्यात प्रार्थना करत न्हाईत, ठावं न्हाई का तुला?

"त्याच्यासाठी नको. माझ्यासाठी कर."

मी तिला धरून बाजेवरून खाली उतरवलं. तिचं वजन शाळेतल्या पोरीएवढं होतं. आम्ही दोघी बाजेपाशी गुडघ्यांवर बसलो. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. काय काय म्हणाली ते मला आता आठवत नाही, कारण ती नेहमीच्याच गोष्टी म्हणत होती. हे बापा, ही पोर तुझी हाय. हिला मूल न्हाई, हिचा मानूस तू नेला, आता हिच्याकडं बघ. मी डोळे मिटले नाहीत, प्रार्थनाही केली नाही. बाजेवर डोकं टेकून नुसती ऐकत राहिले. तिचा आवाज बारीक होता पण थांबत नव्हता.

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप दारातून चुलीपर्यंत आली होती. मावशी तशीच गुडघ्यांवर होती. तिचा एक हात बाजेच्या कडेला होता आणि दुसरा माझ्या डोक्यावर. मी इतकी गाढ झोपले होते की माझी लाळ वाकळेवर सांडली होती.

"झाला तास?" मी ओशाळून विचारलं.

"कवाच झाला. उठवली न्हाई तुला."

"मी झोपले."

"झोपलीस की. घोरलीसबी." ती हसली, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच असेल. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. "म्या जागी व्हते. तुझ्याकडं बघत व्हते. मला राग न्हाई आला, पोरी. वाटलं, झोपू दे, दमलीया. बरं वाटलं मला तुझ्याकडं बघून."

एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं असावं. तिने तोंडावर पदर घेतला आणि ती रडली, आवाज करून, म्हातारी माणसं रडतात तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडले. शांतवनच्या मातीच्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि गार झालेली खिचडी चार घास खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाली. मग काठी मागितली. मला वाटलं, मागे जायचं असेल. पण ती पुढच्या दाराने निघाली. मी धरायला गेले तर तिने मला हाताने मागे सारलं. भिंतीला धरत, दोनदा थांबत ती लुकसच्या दारापर्यंत गेली आणि काठीने दार वाजवलं.

लुकस बाहेर आला. डोक्याला टॉवेल, हातात वैरण. मावशी त्याला म्हणाली, "आता तुमची पाळी."

तो बिचारा एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला. मावशीने त्याला काहीच उलगडून सांगितलं नाही. त्याला किती कळलं देव जाणे, पण आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी आपण कुणाची तरी वाट बघत बसलो होतो हे त्याला आठवलं असणार. त्याने वैरण खाली ठेवली, टॉवेल काढला आणि एवढंच विचारलं की प्रार्थनेला विषय काय धरायचा.

"तबिथा," मावशी म्हणाली.

माझं नाव असं उंबऱ्यावर उच्चारलेलं ऐकून मला कसंनुसं झालं. मी मावशीला घरी पोचवलं, करुणाच्या हवाली केलं आणि माझ्या घरी येऊन दार लावून घेतलं. चहा टाकला, तो उतू गेला. शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या आणि बंद केल्या. बाहेर गल्ली होती तशीच होती. पोरं गोट्या खेळत होती, कुणाची तरी सायकल दुरुस्त होत होती. पण मला ठाऊक होतं की त्या घरांतून एकामागून एक कुणीतरी गुडघ्यावर बसलं आहे आणि माझं नाव घेत आहे. ज्यांच्या कानांवर मी गोधड्या बडवल्या तीच माणसं. मला ते सहन होईना. उठून दुसऱ्या गावी निघून जावं असंही एकदा मनात आलं.

दिवेलागणीला माझं दार वाजलं. शेजारची सरोजिनी पाटोळे उभी होती. तिच्याशी माझं उन्हाळ्यापासून बोलणं नव्हतं, सांडपाण्यावरून. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तबिथाबाई, आता तुमची पाळी," आणि वळून निघून गेली.

मी दार लावलं. शांतवनच्या बाजेपाशी गेले. गुडघे टेकले, पण शब्दच येईनात. काय म्हणतात, कुठून सुरू करतात, मी विसरून गेले होते. शेवटी मी म्हटलं, "तू त्याला का नेलंस?" एवढं निघालं आणि मग मागचं सगळं निघालं. मी भांडले. त्याला नाही नाही ते बोलले. रागाने बोलले, मोठ्याने बोलले, भिंतीपलीकडे सरोजिनीला ऐकू गेलं असणार. त्याने काही उत्तर दिलं नाही. पण मी एकटी बोलत नव्हते, हे मला बोलता बोलता कळत होतं. कसं कळलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आता केस पांढरे झाल्यावरही येत नाही. भांडण ओसरलं तेव्हा मी मावशीसाठी मागितलं, तिच्या अशक्त करडासाठी मागितलं, सरोजिनीसाठीसुद्धा मागितलं.

तास भरला. आता उठून पुढच्या घराला सांगायचं. मी उठले, कडी काढली, आणि दारात उभी राहिल्यावर लक्षात आलं की माझं घर गल्लीतलं शेवटचं. माझ्यापुढे कुणी नव्हतंच. मी कडी लावली आणि परत जाऊन तशीच गुडघ्यांवर बसले.